सिंगापूरच्या क्रूझला स्वेटर? हो, पण जाड नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ, पेनांग आणि फुकेत करून परत. बरोबर आई (६८, गुडघ्यांचा संधिवात), बाबा (७३), नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. बाहेर ३०-३१ अंश, म्हणून सगळे सुती कपडे काढून ठेवले होते. तेवढ्यात नुकतीच जाऊन आलेली मैत्रीण म्हणाली, ‘आत हुडहुडी भरते.’ आता महाबळेश्वरला नेता ते स्वेटर काढायचे का, आणि काढलेच तर विमानाच्या वजनात बसवायचे कसे, हे तुम्हाला हवं आहे.

महाबळेश्वरवाले स्वेटर कपाटातच राहू द्यात. जहाजाच्या आतल्या सार्वजनिक जागांत साधारण २१ ते २३ अंश तापमान असतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा याच्या निम्म्यावर उतरतो. तरी मैत्रीण खोटं बोलत नाही. २२ अंशांत माणसाला हुडहुडी भरते ती तीन गोष्टी एकदम जमून आल्या की: अंग घामाने किंवा पाण्याने ओलं, डोक्यावरून थेट वारा, आणि तास-दीड तास एका जागी बसणं. क्रूझवर हे दिवसातून चार-पाच वेळा जमून येतं. डेकवर घामाघूम होऊन तुम्ही दार ढकलता आणि दहा पावलांत गारठ्यात येता. त्या वेळी स्वेटर केबिनमध्ये असतो. सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम घ्या, ३३५ मीटर लांब आहे. केबिन एका टोकाला आणि थिएटर दुसऱ्या टोकाला असेल, शो सुरू व्हायच्या वेळी लिफ्टपाशी गर्दी असेल, तर ‘पटकन शाल घेऊन येते’ म्हणून गेलेलं माणूस वीस मिनिटांनी परततं. म्हणून मी यादी करते तेव्हा कपडा किती जाड आहे याच्या आधी तो दिवसभर खांद्यावरच्या पिशवीत राहील का, हे बघते.

आत इतकं गार ठेवतात कशाला, हे एकदा समजलं की काय भरायचं हेही समजतं. सिंगापूरची हवा नुसती गरम नसते, दमट असते. ती तशीच आत घेतली तर गालिचे कुबट होतील, आरशांवर बाष्प धरेल आणि भिंतींना बुरशी येईल. हवेतलं पाणी काढायचा जहाजावरचा मार्ग म्हणजे ती गार नळ्यांवरून नेऊन १३-१४ अंशांपर्यंत उतरवायची, म्हणजे पाणी गळून पडतं. बर्फाच्या पाण्याचा पेला टेबलावर ठेवला की बाहेरून ओला होतो ना, तेच. छताच्या जाळीतून जी हवा अंगावर येते ती ही, खोलीच्या हवेत पुरती न मिसळलेली. भिंतीवरचा आकडा २२ दाखवत असला तरी जाळीखाली बसलेल्याच्या मानेला तो २२ लागत नाही.

थिएटरचं आणखी एक आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. सातशे-आठशे प्रेक्षक म्हणजे सत्तर-ऐंशी किलोवॅट झाले. एवढी उष्णता बसल्या बसल्या येणार म्हणून हॉल आधीच गार करून ठेवतात. त्यामुळे पहिली वीस मिनिटं सगळ्यात गार. शो अर्धा रिकामा असेल तर शेवटपर्यंत तसंच. आई-बाबांची पिढी जागा मिळावी म्हणून अर्धा तास आधी जाऊन बसते, म्हणजे नेमकी त्याच वेळात. त्यांना आधी जाऊ द्या, पण अंगात घालून, हातात धरून नव्हे.

सगळ्या जागा सारख्या गार नसतात. थिएटर, कॅसिनो, रात्री वाढून जेवायचं मोठं रेस्टॉरंट आणि मुलांची खेळायची खोली या गार जागा. बुफेची दारं सारखी डेककडे उघडत असल्याने तिथे जरा सुसह्य असतं. फक्त दारापासून आत, जाळीखालचं टेबल धरू नका.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. ज्याचं वजन कमी, ज्याला थायरॉइड कमी असण्याचा त्रास, जो रक्तक्षयातून उठलेला, त्याला बाकीच्यांपेक्षा एक थर जास्त लागतो. वय वाढलं की आणखी एक घोळ होतो: थंडी वाजायला लागल्याचं उशिरा कळतं. बाबा ‘मला काही नाही होत’ म्हणतील तेव्हा त्यांच्या बोटांना हात लावून बघा, तोंडाकडे बघू नका. मार्गानेही फरक पडतो. मुंबईहून डिसेंबर-जानेवारीत गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्यांना रात्री डेकवरचा वाराही बोचतो, त्यामुळे वाऱ्याच्या जाकिटाला तिथे जास्त काम. अलास्का किंवा नॉर्वे हा विषयच वेगळा, ती यादी इथे लावू नका.

किती ऊब लागते याचा हिशोब सोपा आहे. वातानुकूलन करणारे अभियंते कपड्यांची ऊब ‘क्लो’ या एककात मोजतात. अंगभर सूट म्हणजे सुमारे १ क्लो. उन्हाळी सुती शर्ट-पँट म्हणजे सुमारे अर्धा. अर्ध्या क्लोत बसून राहिलेल्या माणसाला साधारण २५ अंश बरे वाटतात, एका क्लोत २२. जहाजाचं आतलं तापमान सूट घातलेल्याला बेतलेलं आहे आणि आपण सुती कुर्त्यात जाऊन बसतो. अडचण एवढीच. पातळ, पूर्ण बाह्यांचा स्वेटर पाव क्लोची भर घालतो आणि अंगभर गुंडाळलेली शाल अंदाजे तेवढीच. अर्धा अधिक पाव अधिक पाव, झालं काम. एक जाड जाकीट घेतलं तर हे सगळं एकदम अंगावर येतं किंवा एकदम उतरतं. जेवताना गरम सूप पोटात गेलं की उकडायला लागतं, मग ते खुर्चीच्या पाठीला टांगायचं, आणि तिथेच विसरायचं.

तेव्हा मोठ्या माणसाला प्रत्येकी तीन गोष्टी.

पहिली, पुढून उघडणारा, पूर्ण बाह्यांचा पातळ स्वेटर. वजन २५० ते ३०० ग्रॅम. बटणं किंवा चेन हवीच. डोक्यातून घालायचा स्वेटर अंधाऱ्या थिएटरात, चष्मा आणि श्रवणयंत्र सांभाळत काढता-घालता येत नाही. केसही विसकटतात, आणि मग आई तो घालतच नाही. बाह्या सैल घ्या, आतल्या कुर्त्याची बाही न गोळा होता जायला हवी. रंग गडद किंवा करडा. पाच दिवस तोच दिसणार आहे, फोटोतही.

दुसरी, शाल किंवा मोठी ओढणी. लांबी २ मीटर, रुंदी ७० सेंटिमीटर, वजन १५० ते २०० ग्रॅम. पश्मिना म्हणून रस्त्यावर मिळते ती बहुतेक व्हिस्कोसची, म्हणजे कृत्रिम धाग्याची असते. ती चालेल, पण विणीकडे बघा. तोंडाजवळ धरून फुंकर मारा. फुंकर पलीकडच्या तळहाताला सरळ लागली तर जाळीचा वाराही तसाच लागेल. दुहेरी करून फुंकर अडत असेल तर घ्या. खरी लोकरीची असेल तर फारच उत्तम. या शालीची कामं थंडीपुरती नाहीत. फुकेतला वाट चालोंग मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तिथे ती खांद्यावर येते. विमानात ती पांघरूण होते, बसमध्ये झोपलेल्या मुलीची उशी होते. सोलापुरी चादर न्यायचा मोह होईल, आपल्याला तिच्याशिवाय झोप येत नाही. पण ती एकटी किलोभर वजन खाते, आणि केबिनमध्ये जास्तीचं ब्लँकेट मागितलं की मिळतं.

तिसरी, वारा अडवणारं पातळ जाकीट, टोपीवालं, आपण विंडचीटर म्हणतो ते. २०० ग्रॅमच्या आसपास. जहाज १८ नॉट्सने चाललं म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. हवा पडलेली असली तरी वरच्या डेकवर पुढच्या बाजूला उभं राहिलं की स्कूटरवर बसल्यासारखा वारा लागतो. स्वेटर त्याला पुरत नाही, वारा विणीतून आरपार जातो. डिसेंबरात सिंगापूरला पावसाच्या सरी येतात, तेव्हाही हेच घालायचं. फुकेतच्या बाजूला तेव्हा कोरडं असतं. थिएटरात मात्र हे घालून बसू नका, हललं की कुरकुरतं आणि शेजारचे वळून बघतात.

कापडाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण खरेदी इथेच चुकते. दुकानात ‘वूलन’ म्हणून मिळणारे बहुतेक स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे असतात. आतल्या शिवणीतली पट्टी वाचा. अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. हलकं, धुतलं की लवकर वाळतं, स्वस्त. पण घाम शोषत नाही. ओल्या अंगावर चढवलं तर ओल आतच कोंडते आणि दहा मिनिटांनी पाठ चिकट-गार लागते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, म्हणून घामट अंगावर पातळ मेरिनो (त्या नावाच्या मेंढीची तलम लोकर) सगळ्यात बरी. महाग असते, तेव्हा घ्यायचीच तर एकच घ्या आणि ती आईसाठी. फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापड, ऊबदार आणि हलकं, पण बॅगेत जागा फार खातं. सुती स्वेटर कोरड्या अंगावर छान. एकदा भिजला की मात्र केबिनमध्ये वाळायला रात्र पुरत नाही. जीन्सचंही तेच. पूलवरून भिजलेल्या जीन्सने आत येणं म्हणजे मांड्यांवर ओलं पोतं घेऊन फिरणं.

म्हणूनच यादीत मी एक गोष्ट आवर्जून घालते जी कोणी ‘गरम कपड्यांत’ धरत नाही: रोजच्या पिशवीत प्रत्येकाचा एक कोरडा बनियन किंवा टी-शर्ट. पेनांगला चार तास फिरून आलात, कुर्ता पाठीला चिकटलेला आहे, बसचा एसी जोरात आहे आणि जहाजावर परतल्यावर सरळ जेवायलाच जायचं आहे. अशा वेळी ओल्या कुर्त्यावर शाल घेण्यापेक्षा आतला कपडा बदलला तर निम्मा गारठा तिथेच जातो. १२० ग्रॅमची वस्तू आहे, पण तिचं काम स्वेटरपेक्षा मोठं.

निघायच्या आधी घरी एक तालीम करा. एसी २१ वर, पंखा मंद, आणि तुम्ही थिएटरला घालणार तेच कपडे, तीच पादत्राणं, अंगावर स्वेटर न घेता. पाऊण तास टीव्ही बघत बसा, उठायचं नाही. पंचवीस-तीस मिनिटांनी काय गार पडतंय ते बघा. बहुतेकांची पावलं आधी गार पडतात, मग मान, मग दंड. ज्याचं जे गार पडेल त्याची सोय त्याच्या पिशवीत. मग स्वेटर चढवून आणखी पंधरा मिनिटं बसा. तरी गार वाटलं तर आतून एक थर वाढवायचा, बाहेरून नाही. ही तालीम केली की ‘असू दे, लागेल’ म्हणून कोंबलेले तीन कपडे आपोआप बाहेर निघतात.

आईंचं. साडी नेसत असतील तर ऊब राखायला साडी वाटते तितकी वाईट नाही, कमरेखाली घड्यांचे थरच थर असतात. उघडं पडतं ते पोट, पाठीचा पट्टा आणि दंड. कोपरापर्यंत बाह्यांचे दोन ब्लाऊज शिवून घ्या किंवा असलेले काढा. जाळीखाली बसायची वेळ आली तर पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन टोक कमरेला खोचायचं, त्यावर स्वेटर. स्वेटर कमरेच्या खाली चार बोटं उतरणारा हवा. आखूड असला की बसल्यावर वर सरकतो आणि पाठीचा पट्टा पुन्हा उघडा. परकराच्या आत पातळ लेगिंग घातली तर पिंढऱ्यांना आराम मिळतो.

गुडघ्यांसाठी लोकरीच्या किंवा जाड सुती गुडघेपट्ट्या मिळतात, त्या साडीखाली दिसत नाहीत. नेहमीपेक्षा एक माप सैल घ्या. त्या आधारासाठी नाहीत, उबेसाठी आहेत. आवळून बसणाऱ्या असतील तर साडेपाच तासांच्या विमानप्रवासात पाय सुजतील. शो संपल्यावर लगेच उठवू नका. एक-दोन मिनिटं बसल्या जागी घोटे फिरवायचे, गुडघे सरळ-वाकवे करायचे, गर्दी ओसरली की उठायचं. गार पडलेल्या, आखडलेल्या गुडघ्यांनी थिएटरच्या पायऱ्या उतरणं हे मला गारठ्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

पावलं हा वेगळा विषय आहे. अंगठ्याच्या चपला घालणाऱ्यांसाठी अंगठा वेगळा असलेले मोजे मिळतात, दोन जोड घ्या. नुसत्या मोज्यांवर मात्र पॅसेजमध्ये किंवा जिन्यावर फिरू द्यायचं नाही, गुळगुळीत फरशीवर घसरतं आणि जहाज थोडं डोलत असलं तर आणखी. बाबांना मधुमेह असेल आणि पायांना बधिरपणा असेल, तर पायांशी गरम पाण्याची पिशवी नको. चटका बसलेला कळत नाही. मोजे पुरे.

बाबांसाठी अर्ध्या बाह्यांचा पातळ स्वेटर किंवा बंडी. शर्टाच्या आत घातली तरी कोणाला दिसत नाही, त्यामुळे ‘म्हातारा दिसतो’ ही तक्रार येत नाही. रात्रीच्या मोठ्या रेस्टॉरंटला हाफ पँट आणि स्लिपर बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, तेव्हा फुल पँट लागणारच आहे. टक्कल असेल तर पातळ सुती टोपी. जाळीखाली उघड्या डोक्याला जे लागतं ते केस असणाऱ्याला कळत नाही. माकडटोपी मात्र घरी ठेवा. ती काढायची की नाही यावरून जहाजभर वाद होतील.

नवऱ्याला थंडी वाजत नाही असं तुम्ही लिहिलंय. त्यांना विंडचीटर आणि एक पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या. तिसऱ्या दिवशी तुमची शाल मागतील, तेवढं धरून चला.

मुलीचं गणित उलटं आहे. ती बसत नाही, पळते, म्हणून आत तिला गार वाटणार नाही. तिचा धोका पूलवर आहे. पोहण्याचा ओला पोशाख, ओले केस, आणि भूक लागली म्हणून शेजारच्या दारातून थेट बुफेत. लहान अंगाची उष्णता भराभर जाते, ओठ निळसर दिसायला लागतात. क्रम ठरवून घ्या: पाण्यातून बाहेर आल्या आल्या, दाराच्या बाहेरच, आधी केस पुसायचे, ओला पोशाख उतरवायचा, कोरडा फ्रॉक, मग चेनवालं टोपीचं पातळ जाकीट. मगच दार. त्यासाठी पूलच्या पिशवीत तिचा पूर्ण कोरडा संच वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा, आणि ओला संच परत त्याच पिशवीत. तिला दोन जाकिटं द्या. एक कुठेतरी राहणार आहे. खेळायच्या खोलीत सोडताना जाकिटाच्या आतल्या पट्टीवर पेनाने केबिन नंबर लिहा.

केबिनमध्ये तुमच्या हातात बरंच आहे. थर्मोस्टॅट दोन अंशांनी वर न्या आणि अर्धा तास थांबा. दर पाच मिनिटांनी फिरवून उपयोग नाही. पूर्ण बंद केला तरी थोडी हवा येत राहतेच, ती ताज्या हवेची सोय आहे. जाळीला टॉवेल किंवा कागद चिकटवू नका. हवेचा तोल बिघडतो, कापड ओलं होऊन ठिबकतं आणि आगीच्या नियमांतही ते बसत नाही. बाल्कनीची केबिन असेल तर दार कडी लागेपर्यंत बंद करा. ते उघडं असलं की अनेक जहाजांवर एसी थांबतो, दमट हवा आत येते, मग दार लावल्यावर तीच ओल गार होऊन अंथरूण ओलसर लागतं. ‘थंडी वाजते म्हणून दार उघडं ठेवलं’ हा उपाय रात्रीपुरता सुखाचा, पहाटे त्रासाचा. वारा उशाशी येत असेल तर उशी पायथ्याला घ्या आणि उलटं झोपा. दोन स्वतंत्र पलंग असले की हे सहज जमतं. सोफ्याचा पलंग कधी कधी नेमका जाळीखाली येतो, तिथे मुलीला झोपवू नका. पहिल्याच संध्याकाळी केबिन साफ करणाऱ्याला जास्तीची दोन ब्लँकेटं मागून ठेवा, रात्री अकराला शोधाशोध नको.

शेकायला इलेक्ट्रिक पॅड, छोटा हीटर, किटली, इस्त्री यातलं काही नेऊ नका. बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने ते चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. रबरी पिशवी न्या, रिकामी दोन-अडीचशे ग्रॅम भरते. दोन तृतीयांश पाणी भरायचं, बूच लावण्याआधी दाबून हवा काढायची, टॉवेलात गुंडाळूनच गुडघ्यावर. ३५० मिलिलिटरचा स्टीलचा थर्मासही उपयोगी, विमानतळावर रिकामा न्यायचा. बुफेवर गरम पाणी मिळतं. थिएटरला निघण्याआधी भरून घेतला की हातही शेकतात.

जागा निवडणं फुकटचं आहे आणि निम्मा त्रास तिथेच वाचतो. बसण्याआधी वर बघा. जाळी दिसली तर तळहाताची मागची बाजू वर धरा, तळहातापेक्षा तिला वारा लवकर कळतो. थिएटरात अगदी पुढे आणि दारांशेजारी नको. गार हवा खाली उतरते आणि पुढे साचते, म्हणून मधल्या रांगांच्या जरा मागे, आतल्या खुर्च्या. रेस्टॉरंटमध्ये टेबल ठरलेलं असेल आणि ते जाळीखाली आलं असेल तर पहिल्याच रात्री वाढणाऱ्यांच्या मुख्याला सांगा. पहिल्या रात्री बदलून मिळतं, तिसऱ्या रात्री नाही.

वजनाचं आता. मोठ्या माणसाचे तीन थर, दोन जोड मोजे आणि कोरडा बनियन मिळून पाऊण ते एक किलो. त्यातला स्वेटर आणि शाल विमानात अंगावरच असणार, म्हणजे बॅगेत प्रत्येकी जेमतेम पाव ते अर्धा किलो पडतो. विमानात ब्लँकेट मिळेलच असं नाही, तिथेही हेच कपडे कामाला येतात. सिंगापूरचे मॉल आणि मेट्रोही गारच असतात. रोजच्या पिशवीत शाल गुंडाळी करून, स्वेटर दंडगोल वळून, दोन्ही एका चेनच्या पाऊचमध्ये. घडी घातली तर सुरकुत्या पडतात आणि जागा जास्त जाते. केबिनच्या भिंती पोलादी असतात, चार मजबूत चुंबकी हुक घेतले तर शाल, जाकीट, पिशवी दाराजवळ टांगून ठेवता येतं. निघताना नजरेसमोर असलेली वस्तूच बरोबर जाते.

राहिले दोन दिवस, पहिला आणि शेवटचा. टर्मिनलवर मोठ्या बॅगा तुम्ही सोपवता आणि त्या केबिनच्या दारात संध्याकाळपर्यंत येतात, कधी जेवणाच्या वेळेपर्यंतही. मधल्या चार-पाच तासांत तुम्ही घामाघूम होऊन टर्मिनलच्या रांगेतून आलेले असता, बुफेत बसलेले असता, सुरक्षेची कवायत केलेली असते. आईंचा स्वेटर, गुडघेपट्ट्या, औषधं आणि सगळ्यांच्या शाली मोठ्या बॅगेत गेल्या तर पहिलाच दिवस आखडलेल्या गुडघ्यांनी जातो. हे सगळं हातातल्या सामानात. शेवटच्या रात्री बहुतेक जहाजांवर मोठ्या बॅगा पॅसेजमध्ये ठेवायला सांगतात आणि त्या मध्यरात्रीच खाली जातात. सकाळी उतरायची वाट बघत दोन-तीन तास एखाद्या गार लाउंजमध्ये बसावं लागतं, आणि दर खेपेला कोणी ना कोणी तिथे टी-शर्टात हात काखेत घालून बसलेलं दिसतं. त्या रात्री बॅगेची चेन ओढण्याआधी सगळ्यांच्या शाली बाहेर मोजून ठेवा, आणि मुलीचं उरलेलं जाकीटही.